रांजणखळग्यांच्या वाटेने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या सहलीविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा मला झाली आहे. "दगड बघायला निघोजपर्यंत कशाला जायचे?" असे पुष्कळजणींनी तेव्हा विचारले होते. ज्या आल्या नाहीत, त्यांच्यासाठी मी बोलते.

निघोज हे अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे गाव. ठाण्याहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा अशा वाटेने जावे. मळगंगादेवीचे दर्शन घेऊन आम्ही कुकडी नदीच्या पात्रात उतरलो. सारे पात्र काळ्या कातळाचे. कोठे वाटीएवढा खळगा, कोठे उखळाएवढा, तर कोठे माणूस बुडेल असा रांजण! काही ठिकाणी दोन रांजणांमधली भिंत झिजून तिची कमान झाली आहे. कडेकडेने, एकमेकींचा हात धरूनच चालावे लागते. नदीवर वरच्या अंगाला धरणे आहेत. म्हणून पाणी सुटणार नाही ना, हे गावात विचारूनच उतरावे.

हे रांजण कोणा पाथरवटाने घडविलेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून हा कातळ झाला. नदीला पूर आला म्हणजे भोवरे होतात. भोवऱ्यात सापडलेला गोटा खाचेत गरगर फिरतो आणि जात्यासारखा कातळ घासतो. तो झिजून गेला की दुसरा येतो. अशी हजारो वर्षे गेली, तेव्हा रांजण झाले.

हीच कुकडी वर जुन्नरकडे, नाणेघाटाजवळ उगम पावते. आपल्या कल्याण बंदराचा माल दोन हजार वर्षांपूर्वी त्याच घाटाने देशावर चढत असे. तेथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. तो माणसाच्या हातचा. निघोजचे मात्र पाण्याच्या हातचे.

आमच्यातील एका भगिनीने खळग्यातला एक गुळगुळीत गोटा घरी नेण्यासाठी पिशवीत घातला. दुसरी म्हणाली, "अहो, तो ठेवा. तो तर इथला कारागीर!" पहिली म्हणाली, "एका गोट्याने काय होते?" त्यावर तिसरीने विचारले, "येणाऱ्या प्रत्येकीने एकेक नेला तर?" तेव्हा गोटा मुकाट्याने परत गेला.

त्याच रांजणांत हळदीकुंकवाच्या प्लास्टिकच्या पुड्या आणि खाऊची वेष्टने तरंगत होती. पुड्या टाकणाऱ्या हातांत बांगड्याच असणार, हे आपण कबूल केले पाहिजे. देवीची ओटी जरूर भरावी. परंतु रिकामी पुडी पिशवीत घालून घरी आणावी, आणि गोटा नदीचा नदीत राहू द्यावा. पुढच्या सहलीपासून मंडळाने हा नियमच करावा, अशी सूचना मी मांडते आणि आपली रजा घेते.