जुन्या तारा, वाढती मागणी : वीजवाहिनी आणि आपली बाग



कृषिविद्या शिकविणाऱ्या माणसाने विजेच्या तारांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वीजवाहिनी जाते ती कलमांच्या बागेतून, माडाच्या वाडीवरून आणि भाताच्या मळ्यांवरून. तारेला जी जागा हवी असते तीच झाडालाही हवी असते. म्हणून हा विषय जितका अभियंत्यांचा तितकाच बागायतदाराचाही आहे. जुन्या वाहिन्या सुधारायच्या म्हणजे नेमके काय करायचे, त्यासाठी आपल्याकडून काय मागितले जाते आणि आपण काय मागावे, एवढ्याच मुद्द्यांवर आज बोलणार आहे.

विहीर भरलेली, दोर जुना

आपल्या जिल्ह्यात विजेची टंचाई आहे असे म्हणता येणार नाही. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट असून धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजगृह सोडले तर बाकीची वीजगृहे चिपळूण तालुक्यात पोफळी-अलोरे परिसरात आहेत. गुहागर तालुक्यात अंजनवेलचा वायूवर चालणारा प्रकल्प सुमारे १,९६७ मेगावॅट क्षमतेचा आहे. जयगडला १,२०० मेगावॅटचा कोळशावरील प्रकल्प आहे. तरीही एप्रिल-मे महिन्यांत मोटर उचलत नाही आणि मिरगाच्या पहिल्याच सरीला लाइट जाते. विहीर तुडुंब आहे, प्रश्न आहे तो रहाटाच्या दोराचा.

हा दोर दोन पदरी आहे. वीजगृहातून निघालेली वीज ४०० केव्ही, २२० केव्ही अशा फार मोठ्या दाबाने उंच मनोऱ्यांवरून जाते. एक केव्ही म्हणजे एक हजार व्होल्ट. हे पारेषण झाले. उपकेंद्रात दाब उतरवून ती ३३ केव्ही व ११ केव्हीच्या वाहिन्यांवर येते आणि शेवटी गावच्या डीपीवरून आपल्या घरी व पंपावर पोचते. हे वितरण होय. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले, तेव्हापासून पारेषण महापारेषण कंपनीकडे आणि वितरण महावितरण कंपनीकडे आहे. तक्रार कोणाकडे करावयाची हे ठरविण्यासाठी हा फरक माहीत असावा. मनोरा असेल तर बहुधा महापारेषण आणि गावातला खांब असेल तर महावितरण, अशी ढोबळ खूण ध्यानात ठेवावी.

तार थकते कशी?

आपल्याकडील बहुतेक उघड्या तारा पिळाच्या असतात. मधोमध पोलादाचे तंतू आणि भोवती ॲल्युमिनियमचे. पोलाद ताण सोसते, ॲल्युमिनियम वीज वाहते. जाडीप्रमाणे त्यांना प्राण्यांची नावे आहेत. वीझल, रॅबिट, डॉग या वितरणाच्या तारा वायरमनच्या तोंडून आपण ऐकल्या असतील. पँथर, झेब्रा, मूस या त्याहून जाड तारा मनोऱ्यांवर असतात. वीझलमध्ये ॲल्युमिनियमचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मिलिमीटर, रॅबिटमध्ये ५०, तर डॉगमध्ये १०० असते. गावात दहा पंप होते तेव्हा ओढलेली वीझल तार आज चाळीस पंप, पीठगिरणी आणि बर्फाचा कारखाना ओढू लागली तर ती दमणारच.

तार दमण्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण भार. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तारेत वाया जाणारी वीज दुप्पट नव्हे, चौपट होते. शेवटच्या पंपापर्यंत दाब उरत नाही. कमी दाबावर मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि तिचे कॉइल जळते. रिवाइंडिंगचा खर्च आपण भरतो, पण त्याचे मूळ पुष्कळदा दोन मैल मागच्या बारीक तारेत असते.

दुसरे कारण उष्णता. तापलेली तार लांबते. ३०० मीटरच्या गाळ्यात तार जेमतेम वीतभर लांबली तरी तिचा झोळ मीटरभर खाली येऊ शकतो. कडक उन्हात आणि पूर्ण भारावर तार सर्वांत खाली असते. नेमकी तीच वेळ आंबा काढणीची असते.

तिसरे कारण आपल्या किनाऱ्याचे, खारा वारा. खाऱ्या दमटपणाने पोलादावरील जस्ताचा लेप जातो, आतला गाभा गंजतो आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. बाहेरून तार धडधाकट दिसते, आतून तिचा जोर गेलेला असतो. चिनीमातीच्या इन्सुलेटरवरही मिठाचा थर बसतो. त्यावर दव किंवा पावसाची पहिली बारीक सर पडली की थर ओला होऊन त्यावरून ठिणगी उडते आणि वाहिनी बंद पडते. मोठ्या पावसात तोच थर धुऊन जातो. पहिल्या सरीला लाइट का जाते याचे हे एक कारण आहे.

वादळांचा धडा

नोव्हेंबर २००९ मधील फयान, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते ही तीन वादळे आपण पाहिली. निसर्ग वादळाने रायगडमधील श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनारा ओलांडला आणि आपल्याकडील मंडणगड व दापोली तालुक्यांना झोडपून काढले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती.

त्या वेळी खांब केवळ वाऱ्याने पडले नाहीत. तारांवर माड, सुरू, फणस आणि आंब्याची जुनी झाडे कोसळली. कातळात खड्डा फोडून लावलेल्या कलमाची मुळे खड्ड्याबाहेर सहजी शिरत नाहीत. झाडाचा डोलारा मोठा, पण पाया उथळ. असे झाड तारेच्या कडेला असेल तर वादळात झाडही जाते आणि गावाची वीजही जाते. नव्या तारा ओढल्या, पण कडेची धोक्याची झाडे तशीच राहिली, तर पुढच्या वादळात तोच प्रकार पुन्हा होईल.

सुधारणेचे मार्ग

१. जुन्याच मनोऱ्यांवर नवी तार : जुन्या पद्धतीची तार साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू देतात. आता अशा तारा मिळतात, की ज्या १५० अंशांच्या वर तापल्या तरी फार झोळ देत नाहीत. त्याच मनोऱ्यांवर, जवळजवळ तेवढ्याच वजनात, त्या सुमारे दुप्पट प्रवाह नेऊ शकतात. तार महाग असते, पण नवे मनोरे आणि नवी जमीन लागत नाही.

२. दाब वाढविणे : दाब दुप्पट केला की तेवढीच वीज निम्म्या प्रवाहात जाते आणि तारेतील नाश एक चतुर्थांशावर येतो. मात्र त्यासाठी अधिक उंच मनोरे व रुंद पट्टा लागतो.

३. दुसरी वाट : एकाच वाहिनीवर विसंबलेले गाव ती तुटली की अंधारात जाते. दोन बाजूंनी पुरवठा असेल तर एक बाजू दुरुस्त होईतो दुसरी सांभाळते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे भागातील ४०० केव्ही वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई ठप्प झाली. आपल्या चाकरमान्यांना विचारा, लोकल जागच्या जागी उभ्या होत्या. मुंबईची ही गत, तर सड्यावरून एकेरी वाहिनीने जोडलेल्या वाडीची काय कथा!

४. किनाऱ्याला साजेसे साहित्य : पोलादाचा गाभा नसलेली मिश्रधातूची तार खाऱ्या वाऱ्यात अधिक टिकते. सिलिकॉन रबराच्या इन्सुलेटरवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळते, त्यामुळे ठिणगी उडण्याचे प्रमाण घटते.

५. भूमिगत केबल : जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात रत्नागिरी शहर, अलिबाग आणि पालघरमधील सातपाटी यांची निवड भूमिगत केबलसाठी झाली. वादळाला तोंड देण्यासाठी हा चांगला उपाय आहे. परंतु खर्च उघड्या तारेच्या कित्येक पट येतो, कातळ फोडावा लागतो आणि बिघाड कोठे आहे हे शोधण्यास वेळ लागतो. दाट वस्तीला तो परवडतो, विखुरलेल्या प्रत्येक वाडीला परवडेलच असे नाही.

तारेखालचा पट्टा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वाहिनीला किती रुंद पट्टा लागतो? वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी ठरविलेली रुंदी ११ केव्हीला ७ मीटर, ३३ केव्हीला १५, ११० केव्हीला २२, २२० केव्हीला ३५ आणि एकेरी ४०० केव्हीला ४६ मीटर अशी आहे. बागेतून जाणाऱ्या वाहिनीचाही अंदाज यावरून येतो. १० बाय १० मीटरवर लावलेल्या हापूसच्या बागेतून २२० केव्हीची नवी वाहिनी गेली तर कलमांच्या तीन-चार रांगा पट्ट्यात येतात. ज्यांची वीस-पंचवीस वर्षांची फळती कलमे आहेत, त्यांना हा घाव किती खोल असतो हे वेगळे सांगायला नको.

म्हणून क्षमता वाढविण्याचा प्रस्ताव आला की आपला पहिला प्रश्न असा असावा : नवी वाहिनी हवी आहे, की जुन्याच मनोऱ्यांवर तार बदलून काम भागेल? जेथे भागत असेल तेथे तार बदलण्याचा आग्रह धरावा. त्यात बागेचेही हित आहे आणि विजेचेही.

जेथे नवी वाहिनी अटळ असेल तेथे पुढील गोष्टी माहीत असाव्यात. जमिनीची मालकी आपलीच राहते. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६७ नुसार काम करताना कमीत कमी नुकसान करणे आणि झालेले नुकसान भरून देणे बंधनकारक आहे. कलम ६८ नुसार वाहिनीच्या आधीपासून असलेले झाड तोडावे लागले तर त्याची वाजवी भरपाई देण्याची तरतूद आहे. वाहिनी झाल्यावर लावलेल्या झाडाला हा आधार मिळत नाही. ‘झाड आधी की तार आधी’ हे ठरविणारा कागद आपल्याजवळ हवा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये ६६ केव्ही व त्यावरील वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचविला आहे. आपल्या वाहिनीला राज्य शासनाचा कोणता आदेश लागू आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

बागायतदारांनी काय करावे?

१. सात-बाऱ्यावर कलमे, माड, काजू, फणस यांची नोंद पीक पाहणीत करून घ्यावी. झाडांची संख्या व वय यांची स्वतंत्र वही ठेवावी आणि दरवर्षी छायाचित्र काढावे.

२. उंच झाड तारेपासून निदान त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके दूर लावावे. माड वीस मीटरपर्यंत जातो. सुरूच्या वाराप्रतिबंधक रांगेलाही हाच नियम लावावा. माणगा बांबू वाऱ्यात फार झुकतो, तो तारेजवळ लावूच नये.

३. पट्टा ओसाड टाकू नये. हळद, सुरण, अननस, कुळीथ, वाल, भुईमूग अशी बुटकी पिके तेथे चांगली येतात. मनोऱ्याच्या पायाशी मात्र खणू नये आणि तारेखाली पेंढ्याची उडवी रचू नये.

४. तारेकडे झुकलेल्या फांद्यांची यादी पावसाळ्यापूर्वी वीज कार्यालयात लेखी द्यावी. वाहिनी बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय स्वतः फांदीला कोयती लावू नये. छाटणीनंतर कापावर बोर्डो पेस्ट लावावी आणि भिरूड लागत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

५. काढणीच्या वेळी तारेजवळच्या कलमावर झेला वापरू नये. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा तर धोक्याचा आहेच, पण ओला बांबूही वीज वाहून नेतो. गडी माणसांना ही गोष्ट रोज सकाळी सांगावी.

६. तुटून पडलेली तार मेलेली समजू नये. तिच्या आसपासच्या जमिनीतही वीज उतरलेली असते. गुरांचे पुढचे व मागचे पाय लांब असल्याने त्यांना धक्का अधिक बसतो. गुरे दूर ठेवावीत, स्वतः जवळ असल्यास पाय जुळवून छोट्या उड्या मारीत बाहेर पडावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.

७. तार बदलण्याचे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस सरल्यावर आणि मोहोर येण्यापूर्वी करावे, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करावी. वाहिनीचा मार्ग, मोबदला व कामाची वेळ या तिन्ही बाबी एकेकट्याने नव्हे, तर गावाने मिळून बोलाव्यात.

बंधू-भगिनींनो, तार बळकट करणे हे वीज कंपनीचे काम आहे आणि ते तिने वेळेवर केलेच पाहिजे. परंतु तारेखालची जमीन आपल्या ताब्यात आहे. ती आपण कशी राखतो यावरही पुढच्या वादळात गावाची वीज टिकणार की जाणार हे अवलंबून राहील. या पावसाळ्यापूर्वी आपल्या बागेतून एकदा तारेच्या कडेकडेने चालत जावे, झुकलेली झाडे मोजावीत, गंजलेले खांब पाहावेत आणि जे दिसेल ते कागदावर लिहून कार्यालयात द्यावे. पोच घेण्यास विसरू नये.