नोंदवहीतला जातीचा रकाना

गोल बाजारातली दुकानं आवरून आलात, तेव्हा थेट कामाचंच बोलते.

1834 पासून सुमारे साडेचार लाख हिंदुस्थानी मजूर करारावर मॉरिशसला गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली मराठी माणसंही होती. त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. दर माणसाला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. आणि जात.

आडनाव बहुधा नसतंच. म्हणून पणतू क्रमांक, जहाज आणि गाव धरून शोधतो. गावाचं नाव कारकुनानं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. मोठ्यानं वाचून बघावं लागतं.

महार, चांभार असं दिसलं तर वही मिटू नका. मात्र तो रकाना म्हणजे जातीचा दाखलाही नव्हे. साहेबानं विचारलं, माणसानं सांगितलं. जात बदलून सांगायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली असेल, तर ती का घेऊ नये?

छत्तीसगडातूनही माणसं आसामच्या चहामळ्यांत गेली. घरच्या आजीला विचारा: कोण गेलं, कुणाबरोबर, परतलं का? बापाचं नाव आणि गाव आजच लिहून ठेवा. कागद शोधायला तेवढं तरी लागतंच.