घर भाड्याचे की मालकीचे? सोलापूरचा अनुभव

(सोलापूर येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. जागेचे भाव चढू लागले की या म्हणीची आठवण अधिक तीव्रतेने होते. आज घेतले नाही तर पुढे कधीच घेता येणार नाही, ही धास्ती नोकरदार कुटुंबाच्या मनात घर करते. धास्तीपोटी घेतलेला निर्णय मात्र वीस वर्षे निस्तरावा लागतो. म्हणून या प्रश्नाचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल ३० लाखांचे घर घेऊ. पदरचे ६ लाख भरले आणि उरलेले २४ लाख साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर दरमहा सुमारे २०,८०० रुपयांचा हप्ता येतो. कर्ज फिटेपर्यंत २४ लाखांचे जवळजवळ ५० लाख झालेले असतात. तसेच घर आज ८,००० रुपये भाड्याने मिळत असेल आणि भाडे दरसाल पाच टक्क्यांनी वाढत गेले, तर ते त्या हप्त्याइतके होण्यास सुमारे वीस वर्षे लागतील.

मग भाड्यानेच राहणे शहाणपणाचे काय? येथेच विचार करावयाचा आहे. वीस वर्षांनी हप्ता संपतो, भाडे संपत नाही; आणि नेमके त्याच सुमारास अनेकांचे वेतनही थांबते. भाड्याने राहणाऱ्याने दरमहाचा वाचलेला पैसा नियमाने शिल्लक टाकला, तरच त्याचा हिशेब जुळतो. तो सणावारी खर्च झाला, तर म्हातारपणी घरही नाही आणि पुंजीही नाही, अशी स्थिती होते.

भाडेकरूची बाजू

माझ्या नोकरीत बदल्या झाल्या आणि मी अनेक वर्षे भाड्याने राहिलो. दोन-तीन वर्षांत गाव सोडावयाचे असताना घर घेणे म्हणजे मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च पाण्यात घालणे होते. तरीही एका गावी मुलीची परीक्षा तोंडावर आली असताना घरमालकांनी जागा रिकामी करण्यास सांगितले. करार तोंडी होता. दाखविण्यास कागद नव्हता. त्या आठवड्यात घर या शब्दाचा अर्थ मला कळला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाड्याचा करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. आपल्या गावी येणाऱ्या शिक्षकास, ग्रामसेवकास एवढी माहिती दिली तरी त्याचे पुष्कळ क्लेश वाचतील.

विडी कामगार भगिनींचे उदाहरण

पगारदारांचा हिशेब असा मांडता येतो. ज्यांना बँक कर्जच देत नाही, त्यांचे काय? याचे उत्तर सोलापूरने दिले आहे.

१८७७ साली जुनी मिल सुरू झाल्यापासून हे कामगारांचे शहर. गिरण्या बंद पडल्या. यंत्रमाग आणि विडी यांवर हजारो कुटुंबे तगून राहिली. विडी वळणारी स्त्री पाने व तंबाखू घरी आणते. तिचे घर हाच तिचा कारखाना. भाड्याची खोली सुटली, तर तिचा निवारा आणि कामाची जागा दोन्ही एकदम जातात.

श्री. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली या भगिनी संघटित झाल्या. केंद्र शासन, राज्य शासन आणि स्वतः कामगार अशा तिघांच्या वाट्यातून कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीची १०,००० घरे उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना देण्यात आली. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेखाली असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थ्यांना मिळाली. या योजनेत प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये साहाय्य होते.

एकटीला जे अशक्य होते, ते एकत्र आल्याने व शासनाने हात दिल्याने शक्य झाले.

घर मिळाले, पुढे काय?

परंतु कुंभारी शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्यावर आहे. विडी घरी वळता येते. यंत्रमाग घरी आणता येत नाही. शहरात कामाला जाणाऱ्याचे वाचलेले भाडे जर येण्याजाण्यात जाऊ लागले, तर त्याला घराचा लाभ किती उरला? जागा स्वस्त असते ती दूर असते, हे स्वतःचे पहिले घर शोधणाऱ्या प्रत्येकानेच ध्यानी घ्यावे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका गावाच्या शिवारात हजारो कुटुंबे राहावयास आली म्हणजे पाणी, शाळा, दवाखाना, एस.टी. यांची गरजही त्यांच्याबरोबर येते. घर भिंतींनी उभे राहते. त्यात राहणे सोयींमुळे घडते. पंचायत सदस्यांनी हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

सारांश

बदलीची नोकरी असेल तर निःसंकोच भाड्याने राहावे; मात्र करार नोंदवावा आणि शिल्लक टाकावी. गाव कायमचे ठरले असेल आणि हप्ता भरूनही आजारपण व शिक्षण यांना पैसा उरत असेल, तर घर घ्यावे. भाव वाढतील या भीतीने घेऊ नये. राहत्या घराची किंमत वाढली, तरी ते विकून दुसरे त्याच चढ्या भावाने घ्यावे लागते. इमारत नवी असेल व प्रकल्प कायद्याने नोंदणीस पात्र असेल, तर त्याची महारेराकडे नोंदणी झाली आहे का, हे आधी पाहावे. आणि शक्य तेथे घर गृहिणीच्या नावे घ्यावे. स्त्रीच्या नावे होणाऱ्या निवासी खरेदीस मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत राज्य शासनाने २०२१ मध्ये सुरू केली.

सवलतीपेक्षाही मोठे कारण आहे. ज्या घरातून आपल्याला कोणी उठवू शकत नाही, अशा घरात बसून विडी वळणाऱ्या भगिनीच्या हाताला जी स्वस्थता लाभते, तिचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येत नाही. ती स्वस्थता अधिकाधिक कुटुंबांना मिळावी यासाठी आपण सर्वांनी झटावे, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.