घरचा संगणक आणि चित्रफितींचें संकलन

घरोघरीं चित्रफीत घेणारे हात आतां पुष्कळ झाले आहेत. परंतु घेतलेल्या तुकड्यांतून पाहण्याजोगी वस्तु तयार करणारे हात थोडेच आहेत. मोबाईल खिशांत असल्यामुळें बारसें, मुंज, सहल, शाळेचें स्नेहसंमेलन यांचे तुकडे रोज जमा होतात आणि कोठल्या तरी कोपऱ्यांत पडून राहतात. त्यांतील नको तें कापावें, हवें तें जुळवावें, असें कोणीं मनावर घेतलें, कीं पहिली अडचण उभी राहते ती घरच्या संगणकाची. तो कुरकुरतो, अडखळतो आणि मध्येंच थांबून बसतो. मग प्रश्न निघतो तो असा कीं, नवा संगणक घ्यावा, कीं आहे त्याचेच कांहीं भाग बदलावे? आणि बदलावयाचे तर कोणते?

पुण्यांतील एका मध्यम स्थितींतील कुटुंबाचें उदाहरण या बाबतींत घेण्यासारखें आहे. घरांतील आजीबाईंचें सहस्रचंद्रदर्शन दोन महिन्यांवर आलें होतें. त्यांच्या नातीनें गेल्या तीन वर्षांत आजीच्या तोंडच्या ओव्या, माहेरच्या हकीकती आणि दिवाळींतील अनारशांची कृति असें सुमारें चार तासांचें चित्रण मोबाईलवर करून ठेविलें होतें. त्यांतून अर्ध्या तासाची चित्रफीत करून समारंभाच्या दिवशीं ती सर्वांना दाखवावी, असा तिचा बेत होता. आजीबाईंची दृष्टि वर्षागणिक मंद होत होती. स्वतःची ही चित्रफीत त्यांना डोळ्यांनीं पाहतां यावयाची, तर ती याच वर्षीं व्हावयास हवी, हें घरांत कोणी बोलून दाखवीत नव्हतें; पण जाणत मात्र सर्व जण होते.

घरचा संगणक २०१७ सालीं घेतलेला होता. त्यांत इंटेलचा कोअर आय-५ ७४०० हा चार कोअरचा प्रोसेसर, आठ गिगाबाइट रॅम आणि एक टेराबाइटची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. निराळें ग्राफिक्स कार्ड नव्हतें. वडिलांनीं तीस हजार रुपये बाजूस काढले. दुकानदारानें सांगितलें कीं, एक चांगलें ग्राफिक्स कार्ड बसविलें म्हणजे काम झालें. पैसे देण्यापूर्वीं त्या मुलीनें आपल्या काकांना विचारलें.

"काका, ग्राफिक्स कार्ड घेतलें कीं सगळें सुरळीत चालेल, असें दुकानदार म्हणतात."

"त्यांचें म्हणणें खोटें नाहीं," काका म्हणाले. "पण तुझ्या संगणकाच्या दुखण्यावर तेंच औषध आहे कीं नाहीं, हें आधीं पाहा. नाहीं तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असें व्हायचें."

हें दुखणें कसें ओळखावें, हें समजण्यासाठीं मोबाईलच्या चित्रणाचें स्वरूप थोडें जाणून घेतलें पाहिजे. फोर-के म्हणून जें चित्र ओळखलें जातें, तें ३८४० बिंदु रुंद व २१६० बिंदु उंच असतें. म्हणजे एका चित्रांत ८२ लाख ९४ हजार ४०० बिंदु. फुल एच.डी. चित्राच्या हें बरोबर चौपट झालें. सेकंदाला अशीं तीस चित्रें जशींच्या तशीं सांठविलीं आणि प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले, तर सेकंदाला सुमारें ७५० मेगाबाइट जागा लागेल. परंतु आयफोनवर एच.ई.व्ही.सी. या २०१३ सालीं ठरलेल्या पद्धतीनें हेंच चित्रण मिनिटाला सुमारें १७० मेगाबाइटांत, म्हणजे सेकंदाला तीन मेगाबाइटांपेक्षांही कमी जागेंत बसतें.

ही किमया कशी साधते? गृहिणी महिन्याच्या पहिल्या दिवशीं शिल्लक पूर्ण मांडते आणि पुढें रोज "कालच्यापेक्षां इतकें जास्त, इतकें कमी" एवढेंच टिपून ठेवते, त्यांतलाच हा प्रकार आहे. एक चित्र पूर्ण ठेवावयाचें आणि पुढील चित्रांचा केवळ फरक नोंदावयाचा. वही लहान होते हें खरें. परंतु सतरा तारखेची शिल्लक कोणी अवचित विचारली, तर पहिल्या तारखेपासून बेरीज-वजाबाकी करीत यावें लागतें. चित्रफीत नुसती पाहतांना ही बेरीज ओळीनें होत जाते. संकलन करतांना मात्र माणूस क्षणांत पुढें, क्षणांत मागें उडी घेतो, आणि दर उडीस संगणकाला मागचा हिशेब नव्यानें करावा लागतो. सिनेमा सुरळीत दाखविणारा संगणक संकलनाच्या वेळीं अडखळतो, त्याचें कारण हें आहे.

आतां रोगपरीक्षा. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर नांवाची सोय असून तींत परफॉर्मन्स या सदराखालीं प्रोसेसर, रॅम, डिस्क व ग्राफिक्स यांपैकीं कोणावर किती भार पडला आहे, तें दिसतें. संकलनाचें काम चालूं ठेवून तेथें पाहावें. ज्याचा आलेख सतत माथ्याला टेकलेला असेल, तोच अडलेला भाग. त्या मुलीनें पाहिलें, तेव्हां रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली, डिस्क शंभर टक्क्यांवर, आणि फोर-के चित्रण पुढें-मागें केलें कीं प्रोसेसरही शंभरावर, असें दिसून आलें. चित्रणाला तर सेकंदाला तीन मेगाबाइट पुरत होते. मग डिस्क कशानें दमली? उत्तर सोपें आहे. रॅम अपुरी पडली म्हणजे संगणक तींतील मजकूर डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हां परत आणतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कला अशा विखुरलेल्या कामासाठीं दर वेळीं आपला वाचक-दांडा हलवावा लागतो, आणि त्यांतच तिचा वेळ जातो. दुखणें रॅमचें, आणि कण्हणें डिस्कचें!

म्हणून पहिला खर्च रॅमवर. आठ गिगाबाइटांच्या दोन पट्ट्या जोडीनें बसवून सोळा गिगाबाइट केल्या, तर जोडीमुळें थोडी गतिही वाढते. येथें एक सावधगिरी हवी. डी.डी.आर.३, डी.डी.आर.४ आणि डी.डी.आर.५ या पट्ट्यांच्या खांचा निरनिराळ्या असून एकीची पट्टी दुसरीच्या जागीं बसत नाहीं. २०१७ च्या सुमारास एकाच पिढीच्या प्रोसेसरसाठीं कांहीं मदरबोर्ड डी.डी.आर.४ चे, तर कांहीं डी.डी.आर.३ चे निघाले होते. तेव्हां अंदाजानें न घेतां मदरबोर्डाचें नांव वाचून, त्याची पुस्तिका पाहून मगच पट्टी घ्यावी. ३२०० गतीची पट्टी २४०० गतीच्या मदरबोर्डावर चालते, पण २४०० नेंच चालते. म्हणून अधिक गतीसाठीं अधिक पैसे मोजण्यांत हांशील नाहीं. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमच्या किंमती एकाएकीं चढल्या होत्या. अशा तेजींत दोन-तीन ठिकाणीं भाव विचारल्यावांचून खरेदी करूं नये.

दुसरा खर्च एस.एस.डी.वर. हिच्यांत फिरणारें कांहीं नसल्यामुळें विखुरलेलें काम ती फार जलद करते. अतिवेगवान एन.व्ही.एम.ई. प्रकारास मदरबोर्डावर एम.२ ही जागा लागते, आणि जुन्या स्वस्त मदरबोर्डांवर ती पुष्कळदां नसते. साटा प्रकारची अडीच इंची एस.एस.डी. मात्र अशा बहुतेक संगणकांत बसते. तिची गति सेकंदाला सुमारें ५५० मेगाबाइटांपर्यंत जाते, आणि घरगुती संकलनास ती पुरून उरते. विंडोज, संकलनाचा प्रोग्राम आणि चालूं काम एस.एस.डी.वर ठेवावें, जुनी डिस्क सांठवणीस राहूं द्यावी.

राहिला प्रोसेसर. याचें औषध बाजारांत नसून प्रोग्राममध्येंच आहे. प्रीमियर, डाविंची रिझॉल्व्ह आणि फुकट मिळणारा केडेनलाइव्ह या सर्वांत प्रॉक्सी नांवाची सोय आहे. मूळ चित्रणाच्या कमी बिंदूंच्या आणि उलगडण्यास सोप्या प्रती रात्रीं संगणकाकडून करवून घ्यावयाच्या, कापाकापी त्या प्रतींवर करावयाची, आणि शेवटीं अखेरची चित्रफीत काढतांना प्रोग्राम आपोआप मूळ चित्रण वापरतो. चित्राच्या प्रतीस कांहीं बाध येत नाहीं, आणि एक रुपयाही लागत नाहीं.

तरीही प्रोसेसर बदलण्याचा मोह कोणास झाला, तर त्यानें एक खळगा ध्यानांत ठेवावा. २०१७ च्या अखेरीस इंटेलचा सहा कोअरचा आय-५ ८४०० निघाला. त्याच्या बैठकीचा क्रमांक आय-५ ७४०० प्रमाणेंच ११५१. परंतु जुन्या मदरबोर्डावर तो चालत नाहीं. त्यास ३०० मालिकेचा मदरबोर्ड लागतो. क्रमांक जुळतो म्हणून घेणारा फसतो. त्या जुन्या मदरबोर्डावर आय-७ ७७०० चालूं शकतो. पण तो बहुधा वापरलेलाच घ्यावा लागतो, आणि कोअर त्यालाही चारच. ए.एम.डी.च्या ए.एम.४ बैठकीचा संगणक ज्यांच्याकडे आहे, ते या बाबतींत भाग्यवान. बी-४५० सारख्या मदरबोर्डावर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवितां येतो.

ग्राफिक्स कार्डाची मग गरजच नाहीं काय? आहे, पण ती कामावर अवलंबून आहे. रंगसंस्कार, चित्रांतील खर काढणें, निरनिराळे परिणाम साधणें हीं कामें त्याच्यावर पडतात, आणि रिझॉल्व्हचा तर सारा भर त्याच्यावरच असतो. नुसती कापाजोड करणाऱ्यास त्याचा उपयोग थोडा. घ्यावयाचेंच असेल, तर आधीं पॉवर सप्लायवरील वॅटचा आंकडा वाचावा. मदरबोर्डावरील खांच कार्डास ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्याहून भुकेल्या कार्डास सप्लायपासून वेगळी तार लागते, आणि जुन्या स्वस्त सप्लायला ती पुष्कळदां नसते. मग कार्डामागून सप्लाय, आणि सप्लायमागून पेटी असा खर्च लांबत जातो. पेटींतील धूळ झाडणें मात्र फुकटचें आहे. तापलेला प्रोसेसर आपली गति आपणच कमी करतो. धूळ काढली कीं ती परत मिळते.

आणखी एक गोष्ट या हिशेबांत धरलीच पाहिजे. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ च्या मान्य यादींत इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. म्हणजे २०१७ च्या या संगणकाचें आयुष्य मोजकें उरलें होतें. अशा वेळीं भाग घेतांना दोन प्रश्न विचारावे: आज हा कोणती अडचण दूर करतो? आणि उद्यां नव्या संगणकांत हा नेतां येईल काय? एस.एस.डी. नेतां येते, बाहेरून जोडावयाची डिस्क नेतां येते. डी.डी.आर.४ ची रॅम मात्र डी.डी.आर.५ च्या संगणकांत जात नाहीं. म्हणून ती गरजेपुरतीच घ्यावी.

त्या कुटुंबानें सोळा गिगाबाइट रॅम, एक साटा एस.एस.डी. आणि एक बाहेरची डिस्क एवढेंच घेतलें. तीस हजारांपैकीं निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लक राहिली. ती वडिलांनीं पुढील संगणकासाठीं तशीच ठेविली. प्रॉक्सी करण्यास दोन रात्री लागल्या, संकलनास पांच आठवडे. समारंभाच्या दिवशीं आजीबाई पडद्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि चित्रफीत संपेपर्यंत हलल्या नाहींत. संपल्यावर त्यांनीं नातीला एवढेंच विचारलें, "बाळ, हें पुसून तर जाणार नाहीं ना?"

हा प्रश्न खरेदीच्या यादींत सर्वांच्या आधीं असावयास हवा होता. बाहेरची डिस्क घेतली ती यासाठींच. मूळ चार तासांचें चित्रण सुमारें ४० गिगाबाइटांचें; त्याची एक प्रत संगणकांत, एक त्या डिस्कवर, आणि तिसरी काकांच्या घरीं ठेवण्यांत आली. प्रोसेसर, रॅम, कार्ड हे सर्व भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आज ना उद्यां पुन्हां मिळतील. आजीच्या तोंडच्या ओव्या तेथें मिळत नाहींत.