छातीचे हाड आणि पाठीवरचे पोते



वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिकणे बाजाराच्या आवारात आणि हमालांच्या सभांत झाले. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्यावर बायपासची शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे तीन महिने आम्हाला घरी काढावे लागले. त्या तीन महिन्यांविषयीच आज बोलावयाचे आहे. शस्त्रक्रियेविषयी शल्यविशारद बोलतील. आम्ही तेव्हा बेशुद्ध होतो!

पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या वाहिनीला वळसा घालावयाचा, हा पायंडा रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे पाडला. त्यासाठी छातीचे हाड मधोमध करवतीने कापतात आणि मागाहून पोलादी तारांनी बांधतात. तार हाडाला धरून ठेवते एवढेच. सांधण्याचे काम हाडाचे हाडालाच करावे लागते. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरते बळ यावयास सुमारे तीन महिने. रुग्णालयातून निरोप मिळतो तो बहुधा आठवड्याभरात. बाकीचे सारे घरी.

घरी काय असते? खोकला आला की उशी छातीशी कवटाळावयाची. नळीने श्वास ओढून तीन चेंडू वर चढवावयाचे. पहिल्या दिवशी आमचा एकही हलेना. ज्या पायाची शीर काढली तो सुजतो, म्हणून बसताना उंचावर ठेवावयाचा. आणि कारण नसताना रडू येते. संपाच्या दिवसांत लाठ्या खाऊन आम्ही कधी रडलो नव्हतो. इथे नातवाने पाण्याचा पेला आणून दिला तरी डोळे भरत. असे पुष्कळांना होते, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा धीर आला.

विश्रांती म्हणजे अंथरूण नव्हे, हेही तेथेच कळले. एके काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला आठवडेच्या आठवडे बिछान्यावर खिळवून ठेवीत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रोग्यांना खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. आज शस्त्रक्रियेनंतरही लवकरच चालावयास लावतात: आधी घरात, मग अंगणात, मग कोपऱ्यापर्यंत.

मात्र वजन उचलावयाचे नाही. चार-पाच किलोंहून अधिक नाही. आता पोते असते पन्नास किलोंचे. सरकारी योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघतो, आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण घरी बसलेल्या दिवसांचा रोज त्यातून मिळत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. जणू हाडाचे माप घेऊनच कोणी हा आकडा ठरविला! पण ज्याची कोठेही नोंद नाही, त्या रोजंदारीच्या माणसाने काय करावे?

आमचा एक हमालबंधू पंचविसाव्या दिवशी खांद्यावर आकडा टाकून आवारात हजर झाला. चौथे पोते उचलताना छातीत कट्कन आवाज झाला. तार सैल पडली, जखम पिकली, पुन्हा रुग्णालय. त्याला अडाणी म्हणणारे आम्हाला भेटले. तो अडाणी नव्हता. पाच किलोंचा नियम त्याला तोंडपाठ होता. घरी खाणारी सहा तोंडे होती, आणि त्याची सेवा करावयाची म्हणून बायकोनेही धुण्याभांड्यांची कामे सोडली होती. आजाऱ्याबरोबर आणखी एक रोज बुडतो, हे हिशेबात कोणी धरीतच नाही.

तेव्हापासून आमच्या संघटनेने एक पेटी ठेवली आहे. दर शनिवारी प्रत्येकाने दहा रुपये टाकावयाचे. त्यातून दोघांचे तीन-तीन महिने निभावले. तिसरा सध्या घरी आहे, नववा आठवडा चालू आहे, कोपऱ्यापर्यंत चालत जातो. बारा आठवडे झाले तरी त्याने पोते उचलू नये, हलके काम करावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. काट्यावरची नोंद, की दारावरची राखण, यावर अडत्यांशी आमची बोलणी चालू आहेत.