जुन्या संगणकाची डागडुजी

संगणक म्हातारा झाला, असे एखाद्या कचेरीत किंवा घरात बोलले जाऊ लागले म्हणजे त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, सकाळी बटण दाबल्यावर चहा होऊन जातो तरी पडद्यावर कामाचे काही उमटत नाही. दोष दिला जातो तो यंत्राच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला. वास्तविक तो बिचारा त्या वेळी बहुतांशी रिकामा बसलेला असतो. ज्या वस्तूची तो वाट पाहत असतो ती कॅबिनेटच्या पुढल्या भागात चार स्क्रूंनी बसविलेली असते. तिचे नाव हार्ड डिस्क.

ही जात तशी पुरातन. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि एवढ्या संभारात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर राहते आणि तिच्यात त्याच्या लाखो पट मजकूर बसतो. कामाची रीत मात्र तीच राहिली. तबकडी फिरावयाची आणि तिच्यावरून एक दांडी पुढेमागे सरकावयाची. नेहमीच्या डेस्कटॉपमधील तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो मजकूर दांडीखाली येण्यासाठी सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय दांडी योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठनऊ मिलिसेकंद जातात. हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशी मागण्या पुऱ्या होतात. दप्तरखान्यातील म्हाताऱ्या शिपायाने एकेक कागद आणण्यासाठी प्रत्येक वेळी जिना उतरून पुन्हा चढावा, तसा हा प्रकार आहे. पूर्वीच्या संगणक-प्रणालीला थोडे कागद लागत, म्हणून ते खपून गेले. आजची प्रणाली सुरू होतानाच हजारो कागद मागते.

एस.एस.डी. ह्या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काही नसते. मजकूर सिलिकनच्या चिपांत विद्युत्‌भाराच्या रूपाने साठविलेला असतो आणि मागणी एका मिलिसेकंदाच्या अल्पशा अंशात पुरी होते. जुन्या यंत्रात एकच भाग बदलावयाचा असेल तर तो हा.

येथे एक शंका नेहमी घेतली जाते, आणि ती अगदीच निराधार नाही. यंत्र जुने असेल तर त्याची दारेही जुनी असणार. मग नव्या डिस्कचा वेग त्या दारांतून बाहेर कसा पडणार? उदाहरणादाखल इंटेलचा २०११ साली आलेला एच ६१ हा चिपसेट घ्यावा. दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड (ह्याला सरकारी कागदात डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, गिऱ्हाईक सहसा म्हणत नाही) येथे सुटे भाग जोडून जे स्वस्त संगणक बांधले जात, त्यांत ह्या चिपसेटच्या मदरबोर्डांचा मोठा भरणा होता. डिस्क जोडण्याची साटा पोर्टे त्यात चार, आणि तीही सेकंदाला तीन गिगाबिटांची. एका बाइटमागे दहा बिट खर्ची पडतात, म्हणून हा वेग जास्तीत जास्त तीनशे मेगाबाइट. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. नव्या डिस्कच्या खोक्यावर मात्र साडेपाचशे छापलेले असते. निम्मे पैसे पाण्यात गेले, असे ग्राहकाला वाटल्यास नवल नाही.

तथापि खोक्यावरचा आकडा एखादी प्रचंड फाइल सलग वाचण्याचा असतो, आणि सलग वाचनाचा प्रसंग रोजच्या कामात क्वचित येतो. रोजचे काम म्हणजे चार-चार किलोबाइटांचे विखुरलेले तुकडे गोळा करणे. ह्या कामात फिरती डिस्क सेकंदाला एक मेगाबाइटही गाठत नाही, एस.एस.डी. त्याच जुन्या दारातून वीस-पंचवीस मेगाबाइट सहज काढते. एवढ्याला तीनशेचे दार पुरून उरते. सारांश, दार अरुंद होते हे खरे, पण खोळंबा दारामुळे नव्हता.

ह्याउलट, थेट पी.सी.आय. एक्स्प्रेसच्या खाचेत बसणारी अतिवेगवान एन.व्ही.एम.ई. डिस्क अशा यंत्रात घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. अडॅप्टर कार्डावर ती बसते, परंतु जुन्या बायोसला बहुधा तिच्यावरून यंत्र सुरू करता येत नाही. ती केवळ कोठार म्हणून उरते. नाकापेक्षा मोती जड, दुसरे काय! अडीच इंची साधी साटा डिस्क घेतली, तर हे यंत्र बंद पडल्यावर ती दुसऱ्यात नेता येते. जुन्या जातीच्या मेमरीवर खर्च केलेला पैसा असा सोबत येत नाही.

डिस्क बसविताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. बायोसमध्ये साटाची पद्धत आय.डी.ई. अशी जुनी ठेवलेली असेल, तर ती ए.एच.सी.आय. करणे हिताचे, परंतु विंडोजला आधी तयार न करता ती एकाएकी बदलली तर यंत्र निळा पडदा दाखवून अडून बसते. प्रणाली नव्यानेच घालावयाची असल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

आता बाहेरच्या पोर्टांकडे वळावयाचे. यू.एस.बी.ची योजना १९९६ साली पुढे आली. ती आखणाऱ्या इंटेलमधील मंडळींत अजय भट्ट प्रमुख होते, आणि त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले होते. आरंभी तिचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. २००० साली २.० ह्या आवृत्तीने तो ४८० वर नेला आणि २००८ च्या ३.० आवृत्तीने थेट पाच गिगाबिटांवर. एच ६१ मध्ये २.० हीच पोर्टे आहेत. त्यांतून प्रत्यक्ष वाहते सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइट. पाचशे गिगाबाइटांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावयाची तर चार तासांहून अधिक वेळ जातो. नव्या पोर्टातून, शंभर मेगाबाइटांनी लिहिणाऱ्या साध्या डिस्कवरही, हेच काम दीड तासाच्या आत उरकते.

ह्या फरकाकडे चैनीची बाब म्हणून पाहू नये. एखाद्या शाळेच्या कचेरीत दाखल्यांची नोंद सांभाळणारा कारकून पाच वाजता घरी जातो. चार तासांची प्रत तो आज काढीत नाही, उद्याही काढीत नाही. आणि एस.एस.डी. बिघडते तेव्हा पुष्कळदा कसलीही सूचना देत नाही. फिरती डिस्क निदान कुरकुरते, टकटक आवाज करते. ही सायंकाळी ठीक असते आणि सकाळी यंत्राला दिसतच नाही. तिच्यातून मजकूर परत मिळविणेही अवघड जाते. म्हणून ज्याने डिस्क बदलली त्याने पोर्टही बदलणे क्रमप्राप्त आहे.

त्यासाठी मदरबोर्डावरील आखूड खाचेत बसणारे एक लहान कार्ड मिळते. पुष्कळ कार्डांना वेगळी वीज लागते. तेव्हा घेण्यापूर्वी पॉवर सप्लायची मोकळी वायर आहे की नाही, हे पाहून ठेवावे. पुढच्या बाजूला पोर्ट हवे असल्यास त्याची केबल एकोणीस पिनांची असते. जुन्या नऊ पिनांच्या जागी ती बसत नाही. पहिल्या आवृत्तीची खाच सेकंदाला अडीचशे मेगाबाइट देते, दुसरीची पाचशे. आडातच नाही ते पोहऱ्यात येणार नाही, परंतु फिरत्या डिस्कवर प्रत काढण्यास हे पाणी पुष्कळ आहे.

विंडोज १० चे नेहमीचे संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ च्या अटींत टी.पी.एम. २.० व इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर येतात. एच ६१ चे यंत्र त्यात बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स घालावे, किंवा ते इंटरनेटपासून तोडून हिशेबाला ठेवावे. बँकेचे व्यवहार त्या जुन्या विंडोजवर करणे धोक्याचे. यंत्र टाकूनच द्यावयाचे ठरले तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावे, भंगारवाल्याच्या हातगाडीवर नव्हे.

काढलेली जुनी डिस्क विकण्याची घाई करू नये. फाइली पुसल्या तरी तिच्यावरचा मजकूर तसाच राहतो. तिच्या प्रत्येक भागावर नवे लिहिले जाईपर्यंत तो वाचता येतो. साडेतीन इंची असल्यामुळे तिला वेगळ्या बारा व्होल्टच्या विजेची पेटी लागते. अशा पेटीत घालून, नव्या पोर्टाला जोडून, महिन्याच्या अखेरीस तिच्यावर प्रत काढावी आणि काम झाल्यावर ती काढून दुसऱ्या खोलीतील कपाटात ठेवावी.