गुणपत्रिका आणि शिक्षकाची साक्ष



शाळा सोडताना विद्यार्थ्याच्या हाती जो कागद पडतो तो त्याच्याविषयी काय सांगतो आणि ते सांगण्याचा अधिकार कोणाचा, या दोन प्रश्नांभोवती भारतातील माध्यमिक शिक्षणाचा वाद दीर्घकाळ फिरत आलेला आहे. या वादाचे केंद्र दिल्ली हे होय. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचे निर्णय तेथे होतात. आणि 1962 साली दिल्लीचे स्वतंत्र माध्यमिक मंडळ त्यात विलीन झाल्यापासून राजधानीतील बहुसंख्य शाळांचे भवितव्य त्या निर्णयांशी बांधले गेले आहे.

भारत सरकारने जुलै 1964 मध्ये शिक्षण आयोग नेमला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक डॉ. दौलतसिंह कोठारी हे त्याचे अध्यक्ष, तर कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले जे. पी. नाईक हे सदस्य-सचिव होते. जून 1966 मध्ये सादर झालेल्या अहवालात परीक्षेसंबंधी ज्या शिफारशी होत्या, त्या एकमेकींना पूरक होत्या. मंडळाच्या प्रमाणपत्रात विद्यार्थ्याची प्रत्येक विषयातील कामगिरी असावी, परंतु तो संपूर्ण परीक्षेत उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण झाल्याचा शेरा नसावा. कामगिरी सुधारण्यासाठी त्याला पुन्हा परीक्षेस बसता यावे. याखेरीज शाळेने वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवर आधारलेले स्वतःचे प्रमाणपत्रही त्याला द्यावे. अंतर्गत मूल्यमापन आणि बाह्य परीक्षा यांचे निकाल मात्र वेगवेगळे दाखवावेत, असा आयोगाचा आग्रह होता. कारण शाळा सढळ हाताने गुण देतात, याची त्याला पुरेपूर जाणीव होती.

या शिफारशींपैकी मंडळाच्या परीक्षेशी संबंधित असलेला भाग अलीकडे काही अंशी प्रत्यक्षात उतरू लागला आहे. 2024 च्या निकालाच्या वेळी मंडळाने गुणवत्ता यादी प्रसिद्ध केली नाही आणि प्रथम, द्वितीय, तृतीय असे वर्गही दिले नाहीत. अनिष्ट स्पर्धा टाळणे हा त्यामागील हेतू होता. तथापि प्रत्येक विषयात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या 0.1 टक्के विद्यार्थ्यांना गुणवत्ता प्रमाणपत्र देण्याची तरतूद ठेवण्यात आली. पुढे जून 2025 मध्ये दहावीसाठी 2026 पासून वर्षातून दोनदा परीक्षा घेण्यास मंडळाने मान्यता दिली. पहिली परीक्षा सर्वांना अनिवार्य आणि दुसरी गुण सुधारण्यासाठी ऐच्छिक, अशी ती योजना आहे. एका विचाराला निर्णयाचे रूप येण्यास जवळजवळ साठ वर्षे लागावीत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

शाळेच्या साक्षीचा भाग मात्र अडखळत राहिला. 2009 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, गुणांऐवजी श्रेणी आल्या आणि दहावीची मंडळाची परीक्षा ऐच्छिक झाली. परंतु मोठ्या वर्गात प्रत्येक मुलाचे निरीक्षण करण्यास लागणारा वेळ शिक्षकाला मिळाला नाही. निरीक्षणाची जागा तक्ते भरण्याने घेतली. 2018 मध्ये दहावीची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली. त्यानंतर रूढ झालेल्या व्यवस्थेत लेखी परीक्षेचे 80 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण यांची सरळ बेरीज केली जाते. आयोगाने जे वेगळे दाखवावयास सांगितले होते ते बेरजेत लपते आणि संशयाला जागा राहते.

हा संशय 2021 मध्ये उघड झाला. महासाथीमुळे त्या वर्षी 1 जून रोजी बारावीची परीक्षा रद्द झाली. दहावीच्या गुणांना 30 टक्के, अकरावीच्या गुणांना 30 टक्के आणि बारावीतील शाळांतर्गत परीक्षांना 40 टक्के भार देऊन निकाल लावण्यात आला. शाळांनी दिलेले गुण त्या त्या शाळेच्या मागील वर्षांच्या कामगिरीच्या मर्यादेत बसविण्याची अटही होती. म्हणजे शिक्षकाची साक्ष घेतली गेली, परंतु तिच्यावर पहारा बसविण्यात आला. उत्तीर्णांचे प्रमाण 2020 मध्ये 88.78 टक्के होते, ते 99.37 टक्के झाले. 2023 मध्ये ते पुन्हा 87.33 टक्क्यांवर आले. संकटकाळातील निकालावरून संपूर्ण शिक्षकवर्गाला दोष देणे न्याय्य नव्हे. पण ज्या साक्षीची सवय कोणालाच नव्हती, ती एका उन्हाळ्यात विश्वसनीय होणे शक्य नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

शिक्षकांचा गौरव करण्यात हा देश कमी पडला, असे नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 1958 पासून दिला जातो आणि 5 सप्टेंबर रोजी विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते तो अर्पण होतो. 2018 पासून शिक्षकाला स्वतः अर्ज करण्याची मुभा मिळाली आणि पूर्वी तीनशेच्या वर असलेली पुरस्कारांची संख्या पन्नासच्या आसपास आली. निवड अधिक काटेकोर झाली, हे इष्टच आहे. तरीसुद्धा निवडक शिक्षकांना व्यासपीठावर बोलावणारा समाज जर उरलेल्या लाखो शिक्षकांचा शब्द गुणपत्रिकेवर ग्राह्य मानत नसेल, तर तो गौरव अपुराच म्हटला पाहिजे.

ही विश्वासार्हता मंडळाच्या परिपत्रकाने निर्माण होणार नाही. ती शाळेच्या परिसरातच घडावी लागेल. 2009 च्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. दिल्लीत सरकारी शाळांत शिकणारी पुष्कळ मुले पाचवीपर्यंत महानगरपालिकेच्या शाळेत असतात आणि सहावीत शिक्षण संचालनालयाच्या शाळेत येतात. या वळणावर पहिल्या शिक्षकाची नोंद दुसऱ्याच्या हाती पडावी, ती पालकांना वाचता यावी आणि चूक असल्यास त्यांनी ती दाखवावी, एवढे एक उद्दिष्ट आराखड्यात आले तरी पुष्कळ साधेल. मुलाला रोज पाहणाऱ्यांसमोर लिहिलेली नोंद फुगविणे कठीण असते.

जे. पी. नाईक यांनी भारतीय शिक्षणाचे वर्णन समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न लागणारा त्रिकोण असे केले होते. दुसऱ्या परीक्षेची संधी मुलाला मिळाली, हे चांगलेच झाले. पण तो पहिल्या परीक्षेत का अडखळला, हे सांगू शकणारी व्यक्ती त्याच्या वर्गातच उभी असते. तिला तसे सांगण्यास अवकाश देणे आणि तिचे म्हणणे पारखून स्वीकारणे, हाच शिक्षकाचा खरा सन्मान होय.